रबराने भोकं पडलेली वही: अकरा वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण

वर्गशिक्षिकेने मुलाच्या आधी त्याची वही माझ्यासमोर ठेवली. गणिताची, दोनशे पानी. खाडाखोड कुठेच नव्हती, भोकं होती. लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं, परत खोडायचं, शेवटी रबर कागदाच्या पार जायचं. एका पानावर मी सात भोकं मोजली. जी उत्तरं शिल्लक राहिली होती ती बहुतेक बरोबर होती. "विचारलं की म्हणतो, चुकला होता," बाई म्हणाल्या. "चुकलेलं नाही असं दाखवून दिलं तरी पटत नाही त्याला."

ही जुलै २०२४ मधली गोष्ट. मी कुडाळला समुपदेशनाचं काम करते आणि महिन्यातले दोन शनिवार मालवण-वेंगुर्ल्याच्या मधल्या एका किनाऱ्यावरच्या गावात, तिथल्या शाळेत बसते. मुलगा सहावीतला; त्याला नैराश्य होतं, आणि त्यावर काम करताना गोष्टी कशा वापरल्या ते इथे लिहिते. नाव देत नाही, बाबू म्हणते; आमच्याकडे घराघरात एक बाबू असतोच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईवडिलांची परवानगी घेतली आहे, आणि त्याचीही. त्याने ती देताना एक अट घातली, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

घरच्यांची तक्रार नैराश्याची नव्हतीच. आई म्हणाली, "चिडको झालो. आधी असो नव्हतो." धाकट्या बहिणीची पाटी त्याने आपटून फोडली होती. क्रिकेटला जाणं बंद. तळलेला बांगडा जीव की प्राण, तोही अर्धा टाकून उठायचा. रात्री बारा-एकपर्यंत पंख्याकडे बघत जागा. सकाळी पोटात दुखायचं, आणि रविवारीही दुखायचं; म्हणजे शाळा चुकवायचं निमित्त म्हणून सोडून देता येत नव्हतं. हे सगळं मार्च-एप्रिलपासून चाललेलं. मोठ्या माणसाचं नैराश्य चेहऱ्यावर दिसतं, मुलांचं पुष्कळदा पोटात आणि रागात दिसतं. निदानाच्या निकषांतही मुलांच्या बाबतीत उदासीच्या जागी चिडचिड धरलेली आहे. पण घरात ती "वांडपणा" या खात्यावर जमा होते.

आजी देवळात कौल लावून आली होती. कौल उजवा झाला होता, त्यामुळे ती निवांत होती. मी कौलाबद्दल काही बोलले नाही. कौल लावणाऱ्या घराला निदान काहीतरी बिनसलंय एवढं दिसलेलं असतं. "नाटकां करता" म्हणणाऱ्या घरापेक्षा अशा घराबरोबर काम करणं मला सोपं जातं.

गोष्टींकडे वळण्याआधी जे केलं ते मुद्दाम आधी लिहिते, कारण गोष्टी सांगून बरं झालेलं मूल म्हणून हे प्रकरण वाचलं जाऊ नये. बालरोगतज्ज्ञांकडून रक्त आणि थायरॉइड तपासून घेतलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मग त्याच्याशी एकट्याशी बोलले. दुसऱ्या भेटीत, खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "मी नसलंय तर आयेक बरा पडात." मी सरळ विचारलं: मरावंसं वाटतं का? कसं करायचं, काही ठरवलंयस का? असं विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेली कल्पना भरते अशी भीती अनेक शिक्षकांना वाटते. तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. त्याने काही ठरवलेलं नव्हतं. तरी त्याच दिवशी आईला सांगितलं. आंब्याच्या फवारणीचं औषध पडवीत उघड्यावर होतं, ते कुलपात गेलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आईने दाराच्या मागे खडूने लिहिला. पुढच्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासलं. सौम्य ते मध्यम नैराश्य. आधी समुपदेशन, दर तीन आठवड्यांनी त्यांच्याकडे फेरी, आणि दीड महिन्यात फरक पडला नाही किंवा मरणाचे विचार वाढले तर औषध, असं ठरलं.

औषध लागलं नाही. पण लागलं असतं तर मी ते हरणं मानलं नसतं.

अ‍ॅरन बेक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यातल्या विचारांची एक तिकटी सांगितली आहे: स्वतःबद्दल वाईट, जगाबद्दल वाईट, पुढच्या काळाबद्दल वाईट. बाबूच्या तोंडून तिन्ही टोकं दोन भेटींतच आली. "माका कायच येना नाय." "कोणाक माझी गरज नाय." "म्हायत आसा, फुडे पण असाच होतला." सरळ वादाने यातलं एकही वाक्य हलेना. त्याला येणाऱ्या दहा गोष्टी मी मोजून दाखवल्या, तो दहाही शांतपणे खोडत गेला. वहीतलंच रबर.

म्हणून गोष्ट. आणि इथे मी पहिली चूक केली. तयारी करून गेले होते. एक अशक्त कासवाचं पिल्लू, सगळे त्याला हसतात, शेवटी तेच सगळ्यांच्या आधी समुद्रात पोचतं. आवाज बदलून, हातवारे करून सांगितली. बाबूने ऐकून घेतली आणि विचारलं, "बाई, ही गोष्ट आसा काय मराठीचो पाठ?"

बरोबर होतं त्याचं. गोष्टीच्या पोटात मी औषधाची गोळी लपवली होती आणि ती त्याला दिसली. शिवाय वेगळा मुद्दा असा की पहिला नंबर काढणारं पिल्लू हे त्याच्यासाठी आणखी एक ओझं होतं. स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलाला मोठी स्तुती आणि मोठे विजय पेलत नाहीत. मानसशास्त्रज्ञ एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या मुलांवर केलेला एक अभ्यास आहे. मुलांच्या चित्रांना काहींच्या बाबतीत साधी दाद दिली, काहींच्या बाबतीत फुगवून दिली. ज्यांचा आत्मसन्मान मुळात कमी होता, ती मुलं फुगवलेल्या स्तुतीनंतर पुढचं अवघड चित्र टाळू लागली. वर चढवलं की पडायची भीती वाढते, दुसरं काय.

पुढच्या वेळी मी गोष्ट सांगितलीच नाही. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून त्याच्यापुढे धरलं आणि म्हटलं, आज तू पाहुणा, गोष्ट तुझी. अट इतकीच की कुठे ऐकलेली-बघितलेली नको, मनातली हवी. ही रीत रिचर्ड गार्डनर या अमेरिकी बालमानसोपचारतज्ज्ञांची, १९७० च्या सुमाराची. ते मुलाला खोट्या खोट्या टीव्हीच्या कार्यक्रमात पाहुणा करत. मूल गोष्ट सांगतं, आणि मग उपचार करणारा तीच पात्रं, तोच प्रसंग घेऊन गोष्ट पुन्हा सांगतो, पण पात्राला त्या अडचणीतून जरा बरी वाट काढून देतो.

बाबूची गोष्ट पाऊण मिनिटाची होती. एक कुर्ली (खेकडा) होती. तिचा एक डेंगा (नांगी) तुटलेला. टोपलीतल्या बाकीच्या कुर्ल्या विकल्या गेल्या, हिला कोण घेईना. मग बाईने तिला टोपलीतून बाहेर फेकली. संपली गोष्ट.

माझी पाळी. मी तीच कुर्ली घेतली. फेकली गेली ती खडपात पडली. एका दगडाखाली शिरली, जुनं कवच टाकलं आणि सकाळी नवा डेंगा घेऊन बाहेर आली. मी एवढं म्हणते तोवर तो खुर्चीत पुढे सरकला. "सकाळी? बाई, कवच टाकलेली कुर्ली मऊ असता. ती भायर इली तर मासो खाता तिका. लपान रवाक लागता. आणि डेंगो येता तो पयलो बारीक येता. मगे परत कवच टाकता, मगे मोठो."

त्या महिन्यातलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं ते होतं. मी रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं आणि म्हटलं, मला नीट माहीत नाही, तूच पुढे सांग. मग दगडाखालचे दिवस आले. कुर्ली काय खाते, भरतीचं पाणी आत कसं शिरतं, शेजारच्या बिळात कोण राहतं. बारीक डेंग्याने पहिल्यांदा काय उचलता आलं? "शेवाळ. फक्त शेवाळ." हे मला सुचलं नसतं. माझी कुर्ली एका रात्रीत बरी होणार होती. त्याच्या कुर्लीला वेळ लागत होता, आणि त्या वेळाची त्याला लाज वाटत नव्हती. परवानगीची अट हीच: कुठे लिहिलंत तर डेंगा आधी बारीक येतो हे लिहा.

चकव्याची गोष्ट आजीकडून आली. आमच्याकडे रात्री ओळखीच्या वाटेवर माणूस गोल गोल फिरत राहिला, घर हाकेवर असून सापडेना, तर चकवा लागला म्हणतात. आजीचा भाऊ असाच एकदा रात्रभर आपल्याच कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) फिरला होता. बाबू ही गोष्ट रंगवून सांगत होता, तेव्हा मी विचारलं, रात्री पंख्याकडे बघताना तुझंही असंच होतं का? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "व्हय. तोच तोच इचार. चकवोच तो."

मायकल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या दोघांनी कथनोपचाराचा, म्हणजे माणूस स्वतःची गोष्ट कशी सांगतो यावर काम करणाऱ्या उपचाराचा, जो पाया घातला, त्यात हेच कलम मुख्य आहे: त्रासाला माणसापासून वेगळं काढा, त्याला नाव द्या. माणूस म्हणजे अडचण नव्हे, अडचण म्हणजे अडचण. नाव मुलाने दिलेलं असलं तरच ते चालतं. "नैराश्य" हा शब्द मी बाबूसमोर शेवटपर्यंत वापरला नाही. "चकवो" मात्र आम्ही दोघांनी पोलिसांसारखा तपासला. कधी येतो? दिवे गेल्यावर, आणि सकाळी दप्तर भरताना. कधी येत नाही? कोंबड्यांना दाणे टाकताना. शेजारच्या म्हाताऱ्या मामांबरोबर जाळं शिवताना. तो बोलतो काय? "तुझ्या हातान एक काम धड होवचा नाय." कोणाच्या आवाजात बोलतो?

"बापाशीच्या."

हे बाहेर यायला पाच भेटी लागल्या. पण वाक्यामागचा प्रसंग तोंडी येईना. म्हणून चित्रांकडे वळले. कुडाळशेजारच्या पिंगुळीतल्या ठाकर कलाकारांची चित्रकथी त्याने शाळेच्या सहलीत पाहिली होती: सुटी चित्रं, त्यांची पोथी, एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्यानं सांगायची. या कलेचा मला दिसलेला फायदा असा की सांगणारा आणि ऐकणारा दोघंही चित्राकडे बघतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. बाबूला मी जाड कागद आणि स्केचपेन दिले. रबर नाही. रेघ चुकली तर तिचं दुसरं काहीतरी करायचं. एका माडाचा त्याने असाच विजेचा खांब केला.

सात चित्रं झाली. तौक्ते वादळाची रात्र, मे २०२१. तेव्हा तो आठ वर्षांचा. वडिलांची छोटी पात (होडी) वाळूवर ओढून माडाला बांधलेली, आणि दोराची गाठ बांधणारा एक लहान मुलगा. सहावं चित्र नुसतं काळं. सातव्यात पात नाही, आणि वडील तोंड उघडून उभे. पात गेल्यावर वडील गोव्याला ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाऊ लागले. आई दोन घरची कामं करू लागली. बाबूच्या हिशेबात हे सगळं त्या एका गाठीमुळे झालं होतं. तीन वर्षं तो हे मनात धरून होता, आणि मार्चमध्ये गणिताच्या परीक्षेत नापास झाला तेव्हा हिशेब पक्का झाला.

वडील गणपतीला आले. गणपती ७ सप्टेंबरला होते. १४ तारखेच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेले, पडवीत बसलो. वडिलांना आधी फोनवर एवढंच सांगितलं होतं की मुलगा चित्रं दाखवील, मध्ये बोलू नका. बाबूने खाली मान घालून एकेक चित्र धरलं. पाचव्यावर वडिलांनी हात पुढे करून कागद घेतला, प्रकाशाकडे धरला.

"हो दोर असो नव्हतो," ते म्हणाले. "तुझी गाठ मीच सोडललंय. रात्री अकराक जावन जाडो दोर घेवन परत बांधलंय, दोन फेरे मारून. दोर सुटाक नाय. माड पडलो. माडावांगडा पात गेली. सकाळी दोर माडाकच होतो."

आणि चकव्याच्या तोंडचं ते वाक्य? वडील बराच वेळ आठवत राहिले. "माझ्या ध्यानात नाय. बोललं आसतलंय."

बापाच्या ध्यानातसुद्धा नसलेलं वाक्य पोराने तीन वर्षं पाठ केलं होतं. मला वाटलं, आता हा रडेल, बाप जवळ घेईल, झालं. बाबू उठला, "मगे माका सांगूक कित्याक नाय?" असं ओरडला आणि विहिरीच्या मागे जाऊन बसला. सोमवारी वडील गोव्याला परत गेले, तोवर तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. परतीच्या गाडीत मला वाटत होतं, घाई केली. मंगळवारी आईचा फोन आला: बोंबलतोय, भांडतोय, पण दोन वेळा भात मागून घेतला. आधीची चिडचिड बहिणीवर, पाटीवर निघत होती. आताचा राग ज्याचा त्याला पोचला होता. पंधरा दिवस टिकला. दरम्यान वडील रेंज मिळेल त्या रात्री फोन करू लागले. समेटाचं बोलणं असं काही झालं नाही. एके रात्री बाबूने विचारलं, दोराचे फेरे दोन कसे मारायचे, आणि वडिलांनी फोनवर समजावलं. तिथून गाडी रुळावर आली.

ऑक्टोबरपासून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून मोठं जाळं ओढायची मासेमारी, सुरू झाली. जाळं ओढायला हात लागतात, आणि ओढणाऱ्याला वाटा मिळतो. मामांनी त्याला बरोबर घेतलं. आठवड्यातून दोन संध्याकाळ दोरावर हात ठेवायचा, हे मी गृहपाठ म्हणून दिलं होतं, कारण नैराश्यात इच्छा होण्याची वाट बघत बसलं तर ती होत नाही. आधी हात हलवावे लागतात. पहिला वाटा दोन बांगडे आणि मूठभर तारली. ते त्याने घरी कसे आणले, कोणाला दाखवले, आईने कशात केले, याची गोष्ट पाऊण तास चालली. शाळेत बाईंनी रबर बंद केलं: चुकलं तर एक आडवी रेघ, आणि पुढे लिहायचं. फळ्यावर स्वतःचं चुकलं की त्याही पुसायच्या ऐवजी रेघ मारू लागल्या. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

कथनोपचारात शेवटी साक्षीदार लागतात. नवी गोष्ट खोलीत दोघांतच राहिली तर ती विरते. चार माणसांनी ऐकली की टिकते. परदेशी पुस्तकांत त्यासाठी समारंभ कसा करावा याच्या पायऱ्या आहेत. आम्हाला त्या शोधायची गरज नव्हती. आमच्याकडे गाऱ्हाणं आहे: एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. जानेवारीत शाळेच्या पडवीत आजी, आई, बहीण, बाई, मामा, एक मित्र, आणि फोनवर वडील. नारळ आजीने आणला. गाऱ्हाणं घालायचा मान वडीलधाऱ्यांचा, पण मामा म्हणाले, आज तू घाल.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो चकवो तीन वर्सां माझ्या पाठसून फिरता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो परत येतलो, ता माका म्हायत आसा. इलो की माका वळखूक येवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझी गाठ सुटाक नाय, माड पडललो म्हाराजा!"

इथे फोनमधून "व्हय म्हाराजा" इतरांच्या आधी आलं.

"आणि आजयेच्या गुडघ्यांका बरा पडांदे, आणि गणिताच्या पेपराक येता ताच येवंदे म्हाराजा!"

मार्च २०२५ पर्यंत चौदा भेटी झाल्या. झोप साडेदहाला लागते. पोटदुखी पंधरवड्यातून एखादी. मरणाचे विचार ऑक्टोबरनंतर नाहीत, हे दर भेटीत विचारते. गणिताचे गुण होते तिथेच आहेत. फेब्रुवारीत घटक चाचणीनंतर पाच दिवस तो परत गप्प झाला, जेवण सोडलं. सहाव्या दिवशी स्वतःच बाईंना म्हणाला, चकवो इललो. वहीत मधूनच एखादं भोक अजून दिसतं.

यात नेमकं कशाने काम केलं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लोहाच्या गोळ्या, रापण, वडिलांचे फोन, पाऊस संपणं, हे सगळं एकाच वेळी चाललं होतं. मुलांच्या नैराश्यावर विचार-वर्तन उपचाराचा, म्हणजे सीबीटीचा, पुरावा जेवढा तपासला गेलाय तेवढा गोष्टींचा नाही. त्यावरचे बरेच अभ्यास लहान आहेत. मी गोष्टी वापरल्या कारण बाबू वादात माझ्यापेक्षा पटाईत होता आणि गोष्टीत मी त्याच्यापेक्षा अडाणी. आणि कासवाच्या पिल्लाची ती गोष्ट मी त्यानंतर कोणाला सांगितलेली नाही.

पुढची भेट जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवली आहे. तेव्हा पाऊस लागलेला असेल, वारा माडांत शिरलेला असेल, आणि मासेमारी बंद असल्याने वडील दोन महिने घरी असतील. शेजारच्यांची पात वर ओढायची आहे. दोर बाबू बांधणार आहे, दोन फेऱ्यांचा, असं त्याने मामांना आधीच सांगून ठेवलं आहे.